बारशाचं कारपेट

तान्ह्या पोरीच्या बरगड्या श्वासासरशी पुन्हा आत ओढल्या गेल्या, तसं रुपालीच्या काळजाचं पाणी झालं.

"आये, खिडकी उघड गं. हिला दम लागलाय."

"खुळी का काय तू? ओली बाळंतीन, आन् वारं घेती?" तानुबाईनं खिडकीच्या फटीत कोंबलेली चिंधी बोटानं आणखी आत दाबली. "दिष्ट लागलीया पोरीला. थांब, मिरच्या आन्ते."

उद्या बारसं. रुपालीच्या सासरची माणसं हडपसरहून मांडवगणला यायची होती. मागच्या खेपेला सासूनं मेंढरांच्या वासानं नाकाला पदर लावला होता, ते भाऊ मल्हारच्या जिव्हारी लागलं. कंपनीत कामाला लागल्यापासून त्याला असल्या गोष्टी फार झोंबतात. कालच त्यानं शिरूरहून कारपेट आणलं. बाळंतिणीला घटकाभर स्वयंपाकघरात बसवून खोलीभर सोल्युशननं चिकटवलं, आणि लेकरासकट तिला पुन्हा आत घालून दार लावलं. हौसेला मोल नसतं म्हणतात.

तेव्हापासून रुपालीचं डोकं ठणकत होतं. घसा जळत होता. शेगडीतल्या ओव्याच्या धुरीलाही त्या सोल्युशनचा उग्र वास हटत नव्हता. बाळंतिणीला वासच फार येतात, असं आईनं समजावलं आणि तिनंही मान डोलावली.

आता पोरीचे ओठ निळसर दिसत होते. रुपालीनं तिला दुपट्यात गुंडाळलं आणि अनवाणीच बाहेर धावली, थेट मेंढरांच्या वाडग्यात.

मेंढरं बाजूला सरकली. लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा वास नाकात शिरला. वारा सुटला होता. रुपाली पोरीच्या छातीकडे डोळे लावून बसली. पोर खोकली, पुन्हा खोकली, आणि मग जी रडली, की मेंढरंही माना वर करून बघू लागली.

"रुपेऽ! वाऱ्यात बसलीस? मरायचंय का तुला?" मुठीत मिरच्या घेऊन तानुबाई धावत आली आणि नातीचं रडणं ऐकून जागीच थांबली. पोरीचे ओठ तिनं निरखून पाहिले. मुठीतल्या मिरच्या खाली पडल्या.

"मल्हारला फोन लाव. म्हनावं, गाडी घिऊन ये, दवाखान्यात जायचंय." ती लेकीशेजारी मातीतच बसली. लालभडक डोळ्यांना तिनं पदर लावला.

"कालपास्नं माजं बी डोळं चुरचुरत्यात, रुपे. मी म्हनलं, म्हातारपन."