मुदत संपायच्या आत

“आपला एलिएसेर देऊन मिळणार काय, तर एक म्हातारा कॅचर! बसताना त्याचे गुडघे वाजतात ते टीव्हीवर ऐकू येतं,” तोरिबिओ म्हणाला आणि त्याने डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली.

“देतायत कशाला? ठेवतील त्याला,” लेओन्सिओ म्हणाला. “डावखुरा पिचर आहे तो. बावीस वर्षांचं पोर. असला हात कोणी विकतं का?”

“तुला विचारून विकणार आहेत, नाही का!”

“जरा मोठ्याने बोला रे,” सिप्रियान आजोबा म्हणाले. “कान गेले माझे.”

आजोबा नेहमीसारखे नेरेयदाच्या दुकानाच्या मागच्या फळीच्या भिंतीला खुर्ची टेकून बसले होते. फळीपलीकडे त्यांचीच खोली होती. साखर कारखान्याच्या त्या वस्तीत एलिएसेर त्यांचा एकुलता नातू. आईबाप गेल्यावर त्यांनीच वाढवलेला. तो अमेरिकेत एका बेसबॉल क्लबाच्या खालच्या संघात चेंडू फेकणारा पिचर होता. त्या संध्याकाळी सहाला मुदत संपणार होती. त्यानंतर क्लबांना खेळाडूंची अदलाबदल करता येणार नव्हती.

जुलैचा शेवट होता. लाइट गेली होती. पंखा नाही, बर्फ नाही. गल्ल्यामागे नेरेयदा पुठ्ठ्याने वारा घेत होती.

“हात कसा आहे त्याचा सध्या?” आजोबांनी विचारलं.

तोरिबिओने लेओन्सिओकडे पाहिलं. लेओन्सिओने सोंगट्यांकडे.

“आग आहे, आजोबा,” तोरिबिओ मोठ्याने म्हणाला. “नुसती आग. परवा त्याच्या चेंडूला एकाची बॅटसुद्धा लागली नाही.”

“आणि विकलंच त्याला, तर नव्या जागी लोक बरे असतील ना?”

“अहो, खांद्यावर घेऊन नाचतील!”

आजोबांनी मान हलवली. मोतीबिंदूने त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती. मग तोंड न वळवता ते म्हणाले, “लेओन्सिओ, ती सोंगटी बाहीत गेली ती परत टेबलावर ठेव.”

“च्यायला!” लेओन्सिओने सोंगटी ठेवली.

आजोबा उठले. त्यांनी दोन पाव मागितले. पंधरा दिवसांपासून ते एकाऐवजी दोन पाव नेत होते. “आणि दाढीचं पातं दे एक, पोरी.”

“शनिवारी न्हावी येतोच की तुमच्याकडे.”

“असू दे.”

काठी टेकत ते कोपऱ्यावरून वळले. त्यांच्या दाराची कडी वाजली तसा तोरिबिओने आवाज खाली आणला.

“मला नाही जमत आता, बाई. थकलो मी. काल रात्री झोपेत त्या कॅचरला शिव्या देत होतो. बायको म्हणाली, हा कोण आणखी?”

एलिएसेरला क्लबाने मे महिन्यातच काढून टाकलं होतं. कोपराचा स्नायूबंध फाटला होता त्याचा. विमानाचं तिकीट हातात देऊन त्याला परत पाठवलं होतं. पण तो वस्तीत आला नाही. राजधानीत कोणीतरी त्याला गाड्या धुताना पाहिलं, पुढे तेही कळेना. तो क्लबाच्या करारावर सही करून निघाला तेव्हा सगळी वस्ती ढोल बडवत त्याला विमानतळावर सोडायला गेली होती. हात हलवत परत कसा येणार?

आजोबांना हे सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. त्यांचं काळीज आधीच अधू. वाचता येत नव्हतं, दिसत नव्हतं. खेळाची खबर फक्त रेडिओवरून मिळायची. म्हणून तोरिबिओ दुरुस्तीच्या नावाखाली रेडिओ घेऊन गेला, तो आणलाच नाही. आजोबांनीही पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी, पोटातलं अन्न खाली उतरायच्या आत, ही माणसं दुकानाच्या छपराखाली जमत आणि नसलेल्या पिचरच्या नसलेल्या सौद्यावरून भांडत.

“उद्या सांगू, पार पश्चिमेकडच्या क्लबाला विकला,” लेओन्सिओ म्हणाला. “तिकडचे सामने फार उशिरा असतात. म्हातारा झोपलेला असेल.”

“आणि पुढच्या वर्षी?” नेरेयदाने विचारलं.

“पुढच्या वर्षी म्हातारा असेल का?”

“लाज वाटते का रे जिभेला?”

लेओन्सिओने तोंडावरून हात फिरवला. “वाटते बाई. म्हणून तर रोज येतो.”

नेरेयदाने पुठ्ठा खाली ठेवला. “पुरे झालं हे. मुदत संपली की आपलंही संपलं. मी सांगते त्यांना. आजच.”

“काही झालं त्यांना तर?”

“झालं तर मी आहे. पण आणखी एक उन्हाळा खोटं बोलायचं त्राण माझ्यात नाही.”

सहा वाजून गेले. लाइट आली तशी तिने चुलीवर कच्ची केळी उकडून कुस्करली. वर कांदा आणि सलामी सॉसेजच्या तळलेल्या चकत्या घातल्या, ताट पदराखाली धरावं तसं एप्रनखाली धरलं आणि मागच्या बाजूला गेली. काय बोलायचं ते मनात घोकत होती. आधी बसवायचं. पाणी द्यायचं. मग हात हातात घ्यायचा.

खिडकीच्या लाकडी पट्ट्या अर्धवट मिटलेल्या होत्या. ती दारावर टकटक करणार, तेवढ्यात आत म्हाताऱ्याचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

“पातं त्या पेल्यात आहे. ऊठ, दाढी कर.” खाट करकरली. “त्यांना मे महिन्यापासून सगळं ठाऊक आहे, पोरा. मला कळू नये म्हणून माझा रेडिओसुद्धा पळवला. आणि तरी या उकाड्यात बसून रोज तुझ्यासाठी भांडतात, या फळीला कान लावून तूच ऐकलंस. आता सांग, यातल्या कोणाला तोंड दाखवायची तुला लाज वाटते?”