तोंडाचा पट्टा

पोकर खेळताना भारी पानं आली की मी गप्प होते. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असतो, त्यामुळे मी गप्प झाले रे झाले की लेक-सुना पटापट पानं टाकून डावातून उठतात. एकदा हातात चार राण्या होत्या, आणि मिळालं काय, तर शर्टाचं एक बटण. आमच्याकडे बटणांवरच खेळतात. यावरून आमच्या ह्यांनी जन्मभर माझी टिंगल केली. "अगं, भारी पानं आली की उलट जास्त बडबड. समोरचा डावात टिकला तर तुला काही मिळेल. तो पळाल्यावर काय पानं चाटायचीत?"

आज डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि ह्यांचे किती दिवस उरलेत ते सांगितलं. मी तोंड धुतलं, आत आले आणि ह्यांच्या खाटेवर पानं वाटायला बसले. मनाशी पक्कं केलं होतं, आज बोलत सुटायचं. नर्स, उशी, धाकटी सून, कुणाला म्हणून सोडायचं नाही. पण जीभ जी टाळ्याला चिकटली ती सुटेचना.

ह्यांनी आपली पानं पाहिली. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"आज फार भारी पानं आलेली दिसतात तुला," म्हणाले, आणि स्वतःची पानं पालथी टाकून भिंतीकडे तोंड करून निजले.

माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांची पानं उलटून बघितली, तर चारी राजे.