लाल खुणेचे मासे

"अजून किती वेळ, मॅडम?" नरहरीनं चौथ्यांदा विचारलं.

मत्स्य खात्यातली जया काठावर उकिडवी बसली होती. समोर पाण्यावर माशांच्या पिलांनी भरलेल्या अकरा प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. पिशवीतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं गार झाल्याशिवाय तोंड सोडायचं नसतं. घाई केली की पिलं उलटी होऊन वर येतात. अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. नरहरीला हे पक्कं ठाऊक होतं, पण माणसाला धीर म्हणून नव्हता.

तो बावधनच्या गळवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. दर रविवारी ही मंडळी गाड्या भरभरून रिहे गावाच्या वरच्या अंगाच्या या तलावावर येत. महागडे गळ, टोप्या, थर्मास, सगळा जामानिमा. त्यांना गळाला महासीर जातीचे मोठे मासे मिळावेत म्हणून खात्यानं इथे पिलं सोडायची योजना काढली. खात्यानं कसली काढली? काढली जयानं. खात्यानं सही केली.

तीन वर्षांपूर्वी तिनं पहिले चारशे मासे सोडले होते. त्या आधी तीन दिवस टाकीपाशी बसून एकेकाच्या पाठीवरच्या पराशी तिनं स्वतःच्या हातानं बारीक लाल पट्टी ओवली होती. पट्टीवर नंबर आणि फोन. मासा गळाला लागला की नंबर कळवायचा आणि मासा परत सोडायचा. त्यावरून कळणार, जगले किती. सुरुवातीला फोन वाजला की ती ताटावरून उठायची. तीन वर्षांत त्या नंबरचा एकही फोन आला नाही.

यंदा साहेबांनी पट्ट्या बंद केल्या. "कशाला उगाच मेलेल्यांना नंबर?" म्हणाले. वर एक फॉर्म दिला. आजच संध्याकाळी भरून हवा. त्यात एक रकाना होता: खुणेचे मासे जगले का? नाही लिहिलं की योजना बंद. जयानं सकाळपासून दोनदा पेन उघडलं आणि दोनदा मिटलं. योजनेचं तिला वाईट वाटत होतंच. पण चारशे जीव आपण टोचून टोचून मारले, हे डोक्यातून जात नव्हतं. त्यानं रात्रीची झोप गेली होती.

"मेलेच असणार ते," नरहरी घड्याळ बघत म्हणाला. "जगले असते तर अख्ख्या पुण्याचे गळवाले इथे तंबू ठोकून बसले असते."

जया उठली. बसली. पिशवीत थर्मामीटर घालून पुन्हा उठली. तेवढ्यात वरच्या वाडीची सारजाबाई डोक्यावर मोळी घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. मोळी उतरवून पिशवीत डोकावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, यांच्या पाठीला लाल न्हाई?"

"यंदा नाही लावलं."

"मंग ही खायाची व्हय?"

जयाला काही कळेना. "म्हणजे काय, मावशी?"

सारजाबाईनं नरहरीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मागल्या येळंची आसरांची व्हती न्हवं? देवाला सोडल्याल्या कोंबडीच्या पायात लाल दोरा आसतो. ती कुनी कापतं का? तशीच ही. आमच्या जाळ्यात गावली की आमी न्हेऊन डोहात सोडतो. समदी वाडी सोडती."

"कुठल्या डोहात?"

सारजाबाई नुसती चालू लागली. जया तिच्या मागे जवळजवळ धावलीच. वळणापलीकडे करंजाच्या सावलीत शेंदूर लावलेले सात दगड होते. पाण्यातल्या देवींचं, आसरांचं ठाणं. खाली काळंभोर पाणी. सारजाबाईनं पदराची गाठ सोडून भाताचा गोळा काढला आणि कुस्करून टाकला.

आधी काहीच हललं नाही. मग पाणी एकदम ढवळून निघालं. हातभर लांबीचे सोनेरी मासे एकमेकांवर चढत वर आले. दहा, वीस, मग जया मोजायची थांबली. प्रत्येकाच्या पाठीवर शेवाळ धरलेली लाल पट्टी होती.

जया पाण्यावर वाकली. "जगलेत," ती म्हणाली. "जगलेत की हो मावशी." आणि तिला रडू फुटलं.

तिनं घाईघाईनं फोन काढला. एक फोटो, बस्स. साहेबांच्या तोंडावर मारायचा. नरहरीला हाक मारायला तोंडही उघडलं.

"त्या लोकास्नी दावनार?" सारजाबाईनं विचारलं. "हितं कुनी गळ टाकत न्हाई, म्हून ऱ्हायलीत ती."

जयाचं तोंड मिटलं. तिनं फोन खिशात ठेवला.

परत येऊन तिनं पिशव्या सोडल्या. पिलं भराभर खाली गेली. सारजाबाई मोळी उचलून अजून उभीच होती. तिला उत्तर हवं होतं.

"ही खायची, मावशी," जया हळूच म्हणाली. "जरा मोठी होऊ द्या."

सारजाबाई समाधानानं वाटेला लागली. नरहरी जवळ आला. "काय दाखवत होती ती?"

"देवाचं ठाणं."

जयानं टेम्पोच्या बॉनेटवर फॉर्म पसरला, पेन उघडलं आणि सकाळपासून कोरा राहिलेला रकाना एका दमात भरून टाकला.

"काय लिहिलंत?" नरहरी मान पुढे काढून म्हणाला.

"एकही जगला नाही," जया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.