पीएचडी होणारी मुलगी

मृदुला भोईटेनं अंगठा टेकवला, पण कॉलेजचं फाटक उघडलं नाही. आई आजारी होती आणि गावाची एसटी सुटायला आली होती.

"बाळ, तुला कसं सोडू?" प्राचार्य पळशीकर मायेनं म्हणाले. "विद्यार्थ्यांचं भविष्य सांगणाऱ्या आपल्या यंत्राचं भाकीत आहे, या बॅचमधून पीएचडी होणारी तू एकटीच. तू गेलीस तर कॉलेजांच्या यादीत आपला क्रमांक घसरेल, कॉलेज बंद पडेल. आईकडे नर्स पाठवलीय आम्ही."

मैत्रिणी खिडकीत उभ्या होत्या. एकीनंही तिच्या नजरेला नजर दिली नाही.

यंत्राला आपण मठ्ठ वाटलो तरच सुटू, असं मृदुलाला वाटलं. रसायनशास्त्राच्या बहुपर्यायी पेपरात तिनं एकूणएक उत्तर विचार करून चुकवलं.

निकालाच्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"शक्यता आणखी वाढली, मृदुला! यंत्र म्हणतं, एकही उत्तर चुकूनसुद्धा बरोबर येऊ न देणं फक्त खऱ्या संशोधकालाच जमतं. उद्यापासून तुझ्या खोलीबाहेर पहारा ठेवतोय."

मृदुलाला रडू फुटत होतं. पण यंत्र त्याचाही काय अर्थ लावेल, या भीतीनं तिनं ते गिळलं.