आठ वर्षांची सवय

सलिनास गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून पुढच्या शिक्षणासाठी कुणाची नामांकित विद्यापीठात निवड झाली की त्याने ऑफिसातली पितळी घंटा वाजवायची, अशी रीतच होती. शेतात लेट्यूस कापता कापता ग्रासिएलाने ती दोन वर्षं आठ वर्षांत पुरी केली. आज तिची निवड झाली, पण हात घंटेकडे जाईना. त्याच विद्यापीठाने मार्चमध्ये तिच्या लेकीला, येसेनियाला, नकार कळवला होता; लेक आज इथेच नाव घालायला आली होती. “वाजव की! मी काय काचेची आहे?” येसेनिया करवादली. ग्रासिएलाने घंटा वाजवली, टाळ्याही झाल्या. ती बाकावर मटकन बसली. सुजलेले पाय बुटात मावत नव्हते. नावनोंदणीच्या खिडकीतून हाक आली, “पुढचा नंबर!” आठ वर्षांच्या सवयीने ग्रासिएला बॅग घेऊन उठली. येसेनियाने ती बॅग आपल्या खांद्याला अडकवली. “तू बस, आई. आता माझा नंबर.”