बायडाबाईच्या नावाचा हक्क

सासूबाई स्वतःहून सही करतील ना, असं वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, आणि वृषाली जरा चिडलीच. करतील म्हणजे काय, करणारच. माझ्या घरात राहतात, माझ्या हातचं खातात, असं ती म्हणाली. शेजारी बसलेला तिचा नवरा कपिल आपले बूट बघत राहिला.

पुण्यातलं ते ऑफिस नुसती धंद्याची आणि ट्रेडमार्कची कामं बघायचं. पहिल्यांदा आली तेव्हा दोघं गारठूनच गेली होती. निम्मी एसीनं, निम्मी फी ऐकून. पण अक्षदा गुंजाळ वकीलबाई चांगली निघाली. मूळची मंचरची. फोन उचलायची, समजेल असं बोलायची आणि उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवायची नाही.

भांडण तसं सरळ होतं. आळेफाट्यावर वृषालीचं हॉटेल, 'बायडाबाईची मासवडी'. कृती सासूची, नावही सासूचं. लग्न झाल्यापासून वृषालीनं त्या चुलीपुढं जन्म काढला होता. हाताला चटके, डोळ्याला धूर, सणवार नाही. आता कुठं पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या, तर थोरला दीर बाजीराव यानं नारायणगावात हॉटेल टाकलं, त्याच नावाचं. वर त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्जही आधी त्यानंच केला. नाव गेलं तर पाटी उतरणार. पाटी उतरली तर फाट्यावरच्या दहा हॉटेलांत आपलं अकरावं, हे वृषालीला पक्कं ठाऊक होतं. तिला रात्र रात्र झोप नव्हती.

बाजीरावाचं म्हणणं तरी काय होतं? आईच्या नावावर थोरल्याचा हक्क, एवढंच. पुढं काही विचारलं की तो गप्प बसायचा. त्याचा वकीलही म्हणे त्याच्यावर वैतागला होता.

अक्षदाबाईंनी बाजीरावाच्या अर्जाला हरकत घेतली. नाव जिवंत माणसाचं असेल तर त्या माणसाची लेखी संमती मोलाची ठरते, असं त्यांनी समजावलं. वृषालीला तर हायसंच वाटलं. म्हणजे ज्याचं नाव त्याचा शब्द, आणि ते माणूस आपल्याच ओसरीवर बसलेलं.

पाटीसाठी एखादं चित्रही द्या, असं ऑफिसानं सुचवलं होतं. बायडाबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीच्या पत्र्याचा, देव्हाऱ्यात पुजतात तसा लहानसा टाक असायचा, त्यावर बाईचा मुखडा. वृषालीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढायला घेतला, तर एरवी उलटून न बोलणारी म्हातारी एकदम तडकली. ती देवाची हाय, तिला बाजारात बसवू नको, म्हणाली. वृषालीनं नाद सोडला.

सहीचा विषय मात्र तिनं सोडला नाही. गोडीनं झालं, रुसून झालं. तुमचं दुखणंखुपणं कोण काढतं, हेही एकदा बोलून झालं, आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं. बायडाबाई एकच सांगायच्या, दोघं माझीच. सोडवायला मधे पडेल असं एखादं वडीलधारं माणूसही उरलं नव्हतं. यांचं जुनं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं, कपिल तेव्हा लहान होता. भावकी चारी दिशांना पांगली. म्हातारीचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी उष्टी पडायला लागली.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "करते सही. पण बाजीरावाला बोलीव."

विरुद्ध बाजूला घरात बोलावणं बरं नव्हे, असं अक्षदाबाईंचं मत पडलं. पण वृषालीला घाई झाली होती. दिराच्या नाकावर टिच्चून सही होणार, याहून आणखी काय पाहिजे? वकीलबाई आळेफाट्याला घरी आल्या. बाजीरावही आला. त्यानं आधी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं, मग खाली सतरंजीवर बसला. भावाभावांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही.

अक्षदाबाईंनी कागद पुढं ठेवला आणि रीतीप्रमाणं म्हातारीला नाव विचारलं.

"सखूबाई," म्हातारी म्हणाली.

म्हातारी बावचळली असं वाटून वृषाली हसली आणि म्हणाली, आत्या, असं काय करताय, खरं नाव सांगा.

"खरंच सांगते. माझ्या बापानं ठेवल्यालं नाव सखू. बायडाबाई ह्या घरात माझ्या आधीची. बाजीराव रांगायच्या आत ती गेली." तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला. "तिचा जीव पोराभवती घुटमळू नये म्हनून सासऱ्यानं लग्नात मला तिचंच नाव दिलं, हा टाक बी तिचाच घातला. बाजीराव, तुझी आई ती रं. आजवर सांगायचा धीर झाला न्हाई. नाव तिचं हाय, मी सही कशी करू?"

कपिल भिंतीला टेकला. वृषालीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. हॉटेल, पाटी, एवढी वर्षं, सगळं हातचं गेलं हे तिला कळत होतं, आणि म्हातारीवर रागही येत नव्हता.

बाजीरावानं म्हातारीचा हात हातात घेतला होता. अक्षदाबाई त्याच्याकडं वळल्या. नाव जिवंत माणसाचं नाही, तुमच्या वारलेल्या आईचं आहे, एवढी एक गोष्ट तुमच्या वकिलाला सांगितली असती तर आमची हरकत टिकलीच नसती, त्या म्हणाल्या. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का?

"शाळंत व्हतो तवाच गावातल्या पोरांनी सांगितलं व्हतं," बाजीराव म्हणाला. "पण तिथं सांगायचं म्हंजी हिला सावत्र म्हनावं लागलं असतं."