ब्रेकमधली हवा

“दाबा!” मागच्या चाकाजवळून बायकोचा आवाज आला.

तो स्टीअरिंगसमोर बसून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहिला. पाऊल पेडलवर होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. हात दोन महिन्यांत वळणावर आला. पायाने मात्र रुसवा धरला तो धरलाच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्याने गेल्या महिन्यात सांगून टाकलं, “उगाच कशाला खेटे घालता? हा पाय गेला.” बायको तेव्हा दारातच उभी होती. त्याच आठवड्यात तिने स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

खोक्यात ब्रेकचं सामान होतं. गाडी सव्वीस वर्षांची, चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. उतारावर ते तापायचे आणि गाडी थांबायला आढेवेढे घ्यायची. पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, हे त्याने कधीचंच मनावर घेतलं होतं. हाडाचा टर्नर तो. जुन्या गाडीला नव्या डिस्क बसाव्यात म्हणून लागणाऱ्या दोन कड्या त्याने स्वतः लेथवर कातल्या, तेल लावून कागदात गुंडाळल्या. मग आजारपण आलं आणि सगळं खोक्यातच राहिलं.

बायको शिवणकाम करणारी. गंजलेल्या स्प्रिंगा आणि पिना काढल्या त्या क्रमाने तिने बॉबिनच्या डब्यात लावून ठेवल्या. अडलं की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन करायची. जड कामाला तिचा भाऊ दोन रविवार आला. “भाऊजी, बघा हो, तुमची बायको हमाली करून घेतेय माझ्याकडून!” असं खालून ओरडायचा. नवरा वर खिडकीत बसून ऐकायचा. खाली काही उतरला नाही.

आज मात्र तिने त्याला धरून आणलं होतं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून स्क्रू उघडायचा.

“भावाला बोलव,” तो म्हणाला होता.

“तो बाहेरगावी गेलाय. आणि मला काही दोन जागी बसता येत नाही.”

“दाबताय ना?” आता मागच्या चाकापासून तिने पुन्हा विचारलं.

त्याने दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला. पेडल हळूहळू बुडालं.

“धरा... धरा... सोडा!”

पाय घसरून खाली पडला. त्याने एक शिवी हासडली, पाय उचलून परत पेडलवर ठेवला. चारपाच वेळा असं झाल्यावर त्याने गुपचूप डावा पाय पुढे केला.

“डावा नको,” मागून आवाज आला. “त्याचा हिसका लगेच कळतो मला इथे. तेल उडालं अंगावर.”

त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या चाकाला हात फक्त आधारापुरता लागला. तिसऱ्या चाकाशी तो हात लावायचंच विसरला, कारण डोकं कामात गुंतलं होतं. “बुडबुडे येतायत का? तेलाची टाकी बघ आधी. ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सगळं करावं लागेल!”

“भरली हो, साहेब.”

मांडी भरून आली होती, घोट्यात कळ येत होती. पण पेडलचं लुळेपण जात चाललं होतं. दर खेपेला ते पावलाला जरा जास्त उलटून भिडायचं.

शेवटचं चाक त्याच्याच बाजूचं, पुढचं. “दाबा. धरा. सोडा.” दहाबारा वेळा पेडल बुडालं. मग बुडेना.

तिने स्क्रू उघडला की पेडल खाली जायलाच हवं. जात नव्हतं. दगडासारखं घट्ट उभं होतं. “दाबा,” ती म्हणत होती. “धरा. सोडा. अजून थोडी हवा आहे.”

कुठली हवा? लोखंडात जन्म गेला होता त्याचा. एवढंही कळणार नाही? स्क्रू अडकला असेल, बाईला समजत नसेल, म्हणून दाराला धरून तो खिडकीतून बाहेर वाकला.

स्क्रू बंद होता. त्यावरची नळी काढून गुंडाळून ठेवलेली, बाटलीला झाकण लावलेलं, पाना पुसून फडक्यावर. ती छोट्या स्टुलावर बसली होती. तळवा टेकवून ती डिस्क फिरवत होती. “दाबा,” म्हणाली. त्याचं उजवं पाऊल आत पेडलवरच होतं. त्याने वाकल्या वाकल्या दाबलं. फिरती डिस्क तिच्या हाताखाली जागच्या जागी थांबली. तिने जोर लावून पाहिला. डिस्क हलली नाही. मान खाली घालून तिने काळ्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले, आणि म्हणाली, “सोडा.”

त्याने सोडलं. आवाज न करता डोकं आत घेतलं आणि सीटवर सरळ बसला. मांडी थरथरत होती. तरी त्याने हात न लावता पाऊल नीट पेडलच्या मधोमध आणलं.

“अगं,” तो मोठ्याने म्हणाला, “पेडल अजून मऊच लागतंय. बरीच हवा राहिली असणार. मी दाबत राहतो.”